घाटात तापते, सपाटीला नाही

गाडी तापते म्हणून कुणाचा फोन आला की मी आधी एकच विचारतो, कधी तापते? समोरच्याला हा प्रश्न बऱ्याचदा फालतू वाटतो. "तापते म्हणजे तापते, काटा लालमध्ये जातो," असं उत्तर येतं. पण हायवेला साठ-सत्तरच्या वेगात तापते, की घाटात सेकंड गियरला? भरलेली असताना, की रिकामीही? चालू केल्यावर दहा मिनिटांत, की तासाभराने? एवढं कळलं की निम्मं काम पान्याला हात न लावता होतं.

कारण साधं आहे. हायवेला वारा फुकट मिळतो. समोरून येणारी हवाच रेडिएटर थंड करते, पंखा फिरला काय नि न फिरला काय. तिथेही काटा चढत असेल तर पाणी नीट फिरत नाही, म्हणजे आतून चोंदलेला रेडिएटर, अडकलेला वॉल (म्हणजे थर्मोस्टॅट, पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) किंवा झिजलेला वॉटर पंप यांच्याकडे बघायचं. घाटात सगळं उलटं होतं. इंजिन पूर्ण जोर लावतं, उष्णता भरपूर तयार होते आणि गाडीचा वेग असतो वीस. समोरून हवा नाही म्हणजे सगळी भिस्त पंख्यावर. आणि रिकामी गाडी गावातल्या गावात पाच-दहा मिनिटांत तापत असेल तर पाणी कमी आहे, वॉल बंद स्थितीत अडकलाय किंवा हेड गॅसकीट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक नि त्याच्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, गेलंय.

माझ्या चुलत्यांचा मोठा मुलगा, आमचा दादा, त्याची दीड टनी डिझेल पिकअप आहे. जुनी घेतलेली. आम्ही रत्नागिरीकडच्या पालीच्या जवळचे, त्यामुळे आंब्याच्या हंगामात त्याच्या फेऱ्या कोल्हापूरला. नाणीज, साखरपा, मग आंबा घाट चढून मलकापूरमार्गे मार्केटला. देशावरून मुंबईला भाजी नेणाऱ्या गाड्या भरलेल्या घाट उतरतात आणि रिकाम्या चढतात. आमचं कोकणातल्यांचं उलटं. माल भरून घाट चढायचा, आणि तोही एप्रिल-मे महिन्यात. गाडीच्या कूलिंगची यापेक्षा कठीण परीक्षा मला माहीत नाही.

गेल्या हंगामाच्या शेवटी दादाची गाडी घाटात उकळायला लागली. साखरप्यापर्यंत काटा मध्यावर, घाटाची पहिली वळणं संपली की चढायला सुरुवात. पेट्या मागे भरलेल्या, ऊन माथ्यावर आणि हा कडेला गाडी लावून वाफ जिरायची वाट बघत बसलेला. आंबा थांबत नाही. मार्केटला लिलाव चुकला की दुसऱ्या दिवशीचा भाव घ्यावा लागतो. पावसाळ्यात गाडी एका गॅरेजला दिली. तिथे वॉटर पंप बदलला, रेडिएटर आतून धुतला आणि वॉल काढून टाकला. तरीही तापतेच म्हटल्यावर "हेड उतरवावं लागेल, पंचवीस-तीस हजार धरून चला" असं सांगितलं. दादा माझ्याकडे आला तो हेड उतरवायच्या तयारीनेच.

मी म्हटलं, "दादा, आठ दिवस दे. हेडला आत्ता कुणी हात लावायचा नाही."

हेड गॅसकीट गेलंय असं म्हणायला पुरावा लागतो, आणि तो फुकटात मिळतो. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढायचं, काठोकाठ पाणी भरायचं, इंजिन चालू करून तोंडाशी बघत राहायचं. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, ती आत अडकलेली हवा. तेवढ्याने घाबरायचं नाही. पण बुडबुड्यांची माळ थांबतच नसेल आणि ॲक्सिलरेटर दिला की वाढत असेल, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. दुसरी खूण म्हणजे झाकण लावून थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटाभरातच वरचा होज पाईप, इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा, दगडासारखा कडक होणं. पाणी गरमच झालेलं नाही, मग दाब आला कुठून? तिसरी खूण ऑईलमध्ये. डिपस्टिकवर किंवा ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते. ही साय पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीतही थोडी धरते, म्हणून एकट्या सायीवर निकाल देऊ नये. दादाच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. पाणी शांत, होज मऊ, ऑईल काळंभोर स्वच्छ. हेड वाचलं.

मग झाकण. हा दीड-दोनशे रुपयांचा भाग आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो दाबाचा. समुद्रसपाटीला उघडं पाणी 100 अंशांना उकळतं, पण 0.9 बार जादा दाबाखाली तेच पाणी साधारण 118 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली झाली की दाब धरत नाही आणि ही सगळी सवलत जाते. वर आंबा गावाशी, दोन हजार फुटांच्या आसपास, उघडं पाणी 98 लाच उकळतं. म्हणजे ज्या इंजिनात काही बिघडलेलं नाही तेही नुसत्या झाकणापायी घाटमाथ्यावर वाफ सोडू शकतं. दादाचं झाकण बरं होतं, तरी मी नवं घातलं. एवढ्या पैशांत शंका उरायला नको.

झाकणाचा विषय निघालाच आहे तर कळकळीने सांगतो. तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नका. ओलं फडकं टाकून, पोत्याचा तुकडा धरून उघडणारे मी घाटात दर हंगामाला बघतो. दाबाखाली 110 अंशांवर असलेलं पाणी दाब सुटताक्षणी वाफ होऊन उसळतं, फडकं त्याला अडवत नाही. छाती आणि तोंड भाजलेला ड्रायव्हर मी जवळून पाहिलाय. गाडी बाजूला घ्या, वाफ येत असेल तर बंद करा आणि वरचा होज हाताला सोसेल इतका गार होईपर्यंत थांबा. आणि लालबुंद इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. आंबा उशिरा पोचेल तर पोचेल.

आता खरी तपासणी. ती रिकाम्या गाडीने अंगणात होत नाही. जिथे रोग दिसतो तिथेच तो बघावा लागतो. फेब्रुवारीचे दिवस, झाडाला अजून कैऱ्याच, पेट्या भरायला काही नव्हतं. म्हणून दादाच्या ओळखीच्या खाणीवरून जांभ्याचे चिरे भरले, सव्वा टनाच्या आसपास. माझ्याकडे एक टेंपरेचर गन आहे, लांबून नेम धरून तापमान सांगणारी, हजार-बाराशेला मिळते. गाडी दुरुस्त करायला घेतलेल्या हत्यारांत सगळ्यात जास्त पैसे हिने वसूल केले. एक काळजी घ्यायची. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खोटं सांगते, खरं तापमान असतं त्यापेक्षा बरंच कमी दाखवते. तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्याच्यावर नेम धरायचा. काळ्या रबरी होजवर मात्र ठीक चालते, फक्त रबराचं बाहेरचं तापमान आतल्या पाण्यापेक्षा थोडं कमी असतं हे धरून चालायचं.

नाणीज सोडल्यावर सपाट रस्त्याला साठच्या वेगात येऊन थांबलो. वरच्या होजला 90, खालच्याला 78. म्हणजे इंजिनातून गरम पाणी रेडिएटरमध्ये जातं आणि बारा अंश गार होऊन परत येतं. पंप फिरतोय, रेडिएटर आतून मोकळा आहे. मग घाट. वर चढून रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. वरच्या होजला 103, खालच्याला 98.

हे दोन आकडे नीट बघा, कारण माझ्या मते सगळं उत्तर त्यांच्यात आहे. पाणी अडलं असतं तर खालचा होज बराच गार लागला असता. थोडं थोडं पाणी रेंगाळत खाली येतं आणि येता येता गार होतं. इथे दोन्ही होज जवळजवळ सारखेच तापलेले. म्हणजे पाणी व्यवस्थित वाहतंय, पण रेडिएटरमधून जाताना त्याची उष्णता निघतच नाहीये. रोग पाण्याचा नाही, हवेचा आहे. नवा वॉटर पंप, आतून धुलाई, वॉल काढणं, हे सगळे उपाय पाण्याच्या बाजूचे होते. त्यांनी फरक पडणार नव्हताच.

हवेची बाजू म्हटल्यावर पहिला पंखा. या पिकअपचा पंखा इंजिनवरूनच फिरतो, पण मध्ये व्हिस्कस कपलिंग असतं, आपण त्याला फॅन क्लच म्हणतो. त्याच्या आत सिलिकॉनचं घट्ट ऑईल असतं आणि पुढच्या तोंडावर दोन धातूंची एक पट्टी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी वाकते, ऑईलला वाट मोकळी होते आणि पंखा इंजिनाबरोबर जोरात ओढला जातो. हवा गार असेल तर पंखा अर्धवट घसरत फिरतो, उगाच डिझेल खात नाही. चांगला फॅन क्लच घाटात लागला की कळतो. मोठ्या वाऱ्यासारखा घोंगावणारा आवाज येतो, केबिनमध्ये बोलणं ऐकू येत नाही. आम्ही पूर्ण घाट चढलो, दादा नि मी आरामात गप्पा मारत. तिथेच माझा संशय पक्का झाला. इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात घातली आणि पंख्याच्या पात्याला बोटाने ढकललं. तापलेल्या कपलिंगने हाताला अडवायला हवं होतं, पण पंखा चार-पाच वेढे मोकळा फिरला. कपलिंगच्या मध्यापासून कडेकडे जाणारे चिकट धुळीचे ओघळ होते. आतलं ऑईल हळूहळू गळून गेलेलं.

घरी येऊन पंखा उतरवायला घेतला. बऱ्याच गाड्यांत हा मोठा नट उलट्या आट्यांचा असतो, तेव्हा जोर लावण्याआधी खात्री करून घ्या. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण बघितलं तर त्याचा खालचा अर्धा भागच नव्हता. आवरण दोन तुकड्यांत येतं, कधीतरी कुणीतरी उतरवलेला तुकडा परत बसलाच नाही. आवरण नसलं की पंखा रेडिएटरच्या जाळीतून हवा ओढायच्या ऐवजी बाजूची, इंजिनाचीच गरम हवा ओढत बसतो. हा तुकडा दिसायला बिनकामाचा असतो म्हणून त्याची अशी गत होते.

आणि मग रेडिएटर. समोरून, ग्रिलमधून बघितला तर धड दिसत होता. धूळ होती, बाकी गळती नाही, ओल नाही. पंखा निघाल्यावर मागच्या बाजूने मी खालच्या भागावर सहज अंगठा घासला. जाळी अंगठ्याखाली चुरली. करड्या-पांढऱ्या पावडरीचा थर बोटांवर आला, आणि जिथून पावडर पडली तिथे दोन आडव्या नळ्या नुसत्या उघड्या दिसल्या, मधल्या पातळ घड्या गायब. टॉर्च पुढून धरला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. खालच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शात घड्या नळ्यांपासून सुटलेल्या होत्या, जागेवर उभ्या होत्या त्या फक्त एकमेकींच्या आधाराने.

रेडिएटरमध्ये नळीतलं पाणी थेट हवेला फार कमी उष्णता देतं. खरं काम त्या नळ्यांमधल्या ॲल्युमिनियमच्या पातळ घड्या करतात. नळीची उष्णता घडीत जाते, घडीवरून हवा जाते. घडी नळीपासून केसभर जरी सुटली तरी ती उष्णतेच्या दृष्टीने नसल्यातच जमा. अशा रेडिएटरला आतून धुवा, ॲसिड घाला, पाण्याचा दाब लावून तपासा, सगळ्यात तो पास होतो. आमच्याकडे हे जास्त होतं कारण खारी हवा. दादाची गाडी कितीतरी रात्री रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या बंदराजवळ उभी असते, पावसाळ्यापूर्वी तो मासेही नेतो. बर्फाचं खारट पाणी, मिठाचे कण, वर चार महिने ओल आणि लाल चिखल. चिखल जाळीत बसला की मीठ धरून ठेवतो. किनाऱ्याजवळ गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा जाळीच्या खालच्या भागावर अंगठा घासून बघावा. गळत नाही म्हणजे रेडिएटर चांगला, असं कोकणात तरी म्हणता येत नाही.

जाळी धुवायची ती साध्या पाईपने, इंजिनाच्या बाजूकडून पुढे. वॉशिंग सेंटरचा प्रेशर समोरून मारला तर कचरा आणखी आत बसतो नि घड्या आडव्या होतात. ज्यांच्या पिकअपला एसी आहे त्यांनी एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधली फट उघडून बघा. आंब्याच्या पेट्यांतला पेंढा तिथे गादीसारखा बसलेला मी काढलाय.

आता त्या वॉलबद्दल, कारण हा माझा जुना राग आहे. गाडी तापली की वॉल काढून टाकायचा, ही आपल्याकडची पद्धतच पडून गेलीय. थर्मोस्टॅट वॉलच्या आत मेण असतं. पाणी ठरावीक तापमानाला आलं की मेण फुगतं आणि वॉल उघडतो. त्याच्यावर 82 किंवा 88 असा आकडा कोरलेला असतो, तो उघडायला सुरुवात होण्याचा अंश. वॉल नसला की सकाळी इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो, ऑईल पातळ होत नाही, सिलिंडर झिजतात, ॲव्हरेज पडतं. दादा सहा महिने "हल्ली डिझेल जास्त खाते" म्हणत होताच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पुष्कळ इंजिनांत वॉलच्या मागे दुसरी एक चकती असते. वॉल पूर्ण उघडला की ती चकती बायपासचा मार्ग बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरमधूनच जातं. वॉलच काढला तर बायपास कायमचा उघडा. इंजिनातलं थोडं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून सरळ परत इंजिनात. थंड राहावं म्हणून वॉल काढायचा आणि गाडी घाटात उलट जास्त तापायची. दादाच्या इंजिनाची रचना अशीच आहे.

नवा वॉल आणला तो बसवण्याआधी तपासून घेतला. वहिनीने एक जुनं पातेलं दिलं. वॉलची झडप किंचित दाबून तिच्या फटीत दोरा अडकवायचा, त्या दोऱ्यानेच वॉल पाण्यात लोंबता ठेवायचा, शेजारी थर्मामीटर. झडप उघडते तेव्हा दोरा सुटतो आणि वॉल टप्पकन तळाला जातो. आमचा 83 ला पडला, 95 च्या आसपास पूर्ण उघडलेला दिसत होता. दादाचा मुलगा आठवीत आहे, त्याने गॅस बंद करून परत थंड पाण्यापासून करायला लावलं. परत तसंच. वॉलच्या कडेला एक छोटी हलती पिन असते, ती बसवताना वरच्या अंगाला ठेवा, अडकलेली हवा तिथूनच निघते.

नवा रेडिएटर, नवा फॅन क्लच, कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून आणलेलं आवरणाचं खालचं अर्धुक, वॉल, दोन्ही होज आणि क्लिपा. फॅन क्लच दुकानातून आणताना आणि घरी ठेवताना उभाच ठेवा, आडवा ठेवला तर आतलं ऑईल गळू शकतं. सगळं मिळून सोळा-सतरा हजार झाले, मजुरी घरची.

आत पाणी न घालता कूलंट घातलं, आणि यावर दादाशी थोडा वाद झाला. "आमच्या विहिरीचं पाणी गोडं आहे रे," तो म्हणाला. आहेच, जांभ्यातलं पाणी हलकं असतं. पण घाटमाथ्यावर ढाब्याजवळ गाडी थांबली की तो कॅन भरतो बोअरच्या पाण्याने, आणि देशावरच्या काळ्या दगडातलं ते पाणी जड. त्याचा क्षार नळ्यांत बसतो. शिवाय नुसत्या पाण्याने आतून गंज धरतो. अर्धं इथिलीन ग्लायकोल नि अर्धं डिस्टिल्ड वॉटर असेल तर उकळण्याचा अंश वर जातो, गंज थांबतो, वॉटर पंपाचं सील टिकतं. डबा घेताना बघा, तयार मिश्रण आहे की पाणी घालून करायचं आहे. तयार मिश्रणात परत पाणी ओतणारे खूप आहेत. वेगवेगळ्या जातीची कूलंट एकत्र करू नका, काही वेळा आत चिकट गाळ धरतो. आणि जुनं कूलंट काढलं की बादलीत घ्या, अंगणात सोडू नका. ते गोडसर असतं, कुत्री-गुरं चाटतात नि मरतात. आमच्या वाडीत एक कुत्रा असाच गेला.

भरताना गाडी थोडी चढावर, तोंड वर करून लावली, झाकण उघडं ठेवून सावकाश भरलं आणि इंजिन चालू ठेवलं. वॉल उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि मोठा बुडबुडा येतो, तेव्हा परत भरायचं. बुडबुडे थांबले की झाकण. दुसऱ्या दिवशी गार असताना पुन्हा पातळी बघितली तर दोन बोटं खाली गेली होती, भरून घेतली. खालच्या होजची एक क्लिप पाझरत होती, ती आवळली.

मग परत तेच चिरे आणि तोच घाट. यावेळी मधल्या वळणांवरच पंखा लागला, इतका की दादाने दचकून गियरकडे बघितलं. त्याच रुंद जागेला थांबून गन धरली. वरच्या होजला 94, खालच्याला 81. काटा मध्याच्या जरासा वर. वर आंब्याला चहा घेतला आणि कुणाचे तरी घराचे चिरे असल्यामुळे ते मलकापूरला उतरवून संध्याकाळी परत आलो.

एक काम अजून बाकी आहे. गाडीचा काटा 103 अंशांना लालच्या खूप अलीकडे होता असं दादा म्हणतो, म्हणजे सेन्सर कमी दाखवत असणार. तो पेट्या भरायच्या आधी बदलायचा आहे. सेन्सरची वायर इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे, हात पोचायला कठीण, म्हणून रविवारी बॅटरीचा ट्रे काढूनच बसणार आहोत.